देवकाबाईचे पाच शेक

मी खलनायक आहे, हे सुरुवातीलाच सांगितलेलं बरं. दिवसा वडशाच्या एका कचेरीत जन्म-मृत्यूचे दाखले देतो. भाऊबीज झाली की होळीपर्यंत झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भाच्या, गावोगावी नायिकेच्या बापाची जमीन हडप करतो, तिच्या भावाला तुरुंगात घालतो आणि शेवटच्या अंकात, उजाडता उजाडता, लोकांच्या टाळ्यांत मार खातो. चोवीस हिवाळे मार खाल्ला. या हिवाळ्यांत मी रंगमंचावर जे काही बोललो, ते माझ्या आधी एका बाईच्या तोंडून निघालेलं होतं. लोकांना मात्र माझंच नाव माहीत. हा अन्याय आहे, आणि तो दूर करायला मी आज बसलो आहे.

देवकाबाई आमच्या कंपनीची प्रॉम्प्टर. आमच्याकडे नाटक म्हणजे नायक नागपूरचा, नायिका गोंदियाची, विनोदी नट ब्रह्मपुरीचा आणि तालमी मोजून चार. त्यातल्या दोन तालमींना नायकाची बस चुकलेली. मग पाच अंकांचं नाटक उभं राहतं कशावर? विंगेत एका लाकडी स्टुलावर बसलेल्या, साडेचार फूट उंचीच्या, गालात लवंग धरलेल्या बाईवर. मांडीवर दोऱ्याने शिवलेली वही, कानामागे लाल पेन्सिल, चष्म्याला काळा गोफ. नवरा कंपनीत पेटी वाजवायचा. एका वर्षी प्रॉम्प्टरचा घसा बसला आणि सातवी शिकलेल्या देवकाबाईने वही हातात घेतली. नवरा गेला, पेटी गेली, वही राहिली.

तिचा नियम होता दोन शब्दांचा. नट अडला की ती वाक्याचे पहिले दोन शब्द द्यायची. तिसरा मागितला तर मिळायचा नाही.

"शब्द माहे, तोंड तुहं," ती म्हणायची. "सगळंच मी बोलली तर तू कायले आला गा? उभा राहाले खांब हाये ना तिथी."

एकदा सावली नावाच्या गावाजवळ शेवटच्या अंकात मी अडलो. पूर्वेकडे फटफटलेलं, समोर दोन-तीन हजार माणसं आणि माझ्या डोक्यात स्वच्छ अंधार. मी विंगेकडे पाहिलं. बाईने दोन शब्द दिले, "तुझ्या बापानं". मी मोठ्या आवाजात म्हणालो, "तुझ्या बापानं..." आणि पुढे काही नाही. मी पुन्हा डोळ्यांनी भीक मागितली. तिने शांतपणे कनवटीची पुरचुंडी सोडली, नवी लवंग काढली, तोंडात टाकली आणि माझ्याकडे असं पाहिलं, की जणू तीसुद्धा तिकीट काढून आलेली आहे. मग मीच ओरडलो, "तुझ्या बापानं मला जेवायला बोलावलं आणि वरणात मीठ टाकलं नाही!" लोक हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडले. नायिका ओढणीत तोंड लपवून आत पळाली.

मला वाटलं, आता बाई फाडून खाणार. दुसऱ्या दिवशी वही पाहिली तर माझं वाक्य तिने संहितेत लिहून घेतलेलं आणि बाजूला लाल पेन्सिलीने टिपण: "इथी मधु अडते. अडू द्या."

अशी टिपणं वहीभर असायची. कोण कुठे अडतो, कोण कुठे शिंकतो, कोणाचा पाय कुठे थरथरतो. ते अक्षर इतकं बारीक आणि इतकं वाकडं, की तिच्याखेरीज ते फक्त मला वाचता यायचं. हे पुढे महागात पडलं. कोणाला, ते सांगतो.

आणखी एक गोष्ट आधी सांगायला हवी, कारण तिच्यावाचून ही कथा उभी राहत नाही. प्रयोग सुरू झाला की देवकाबाई स्टुलावरून उठत नसे. नांदी झाली की बसली, ती पहाटे पडदा पडला की उठली. मधे चहा नाही, पाय मोकळे करणं नाही, आणि जे सगळ्यांना करावं लागतं तेही नाही. नट दर अंकाला मंडपामागे धावायचे. बाई ढिम्म.

"कसं जमते वं बाई तुले?" नायिका विचारायची.

"मनात पानं उलटत राहाचं," बाई सांगायची. "ध्यान वहीत असलं का खाली जात नाई."

त्यामुळे दोन वर्षांपूर्वी जूनच्या एका दुपारी, वडशाच्या हॉलमध्ये नव्या नाटकाचं वाचन चालू असताना, देवकाबाई उठली तेव्हा आम्ही सगळे पुतळे झालो. ती बाहेर गेली, आली, बसली. वीस मिनिटांनी पुन्हा उठली. तिसऱ्यांदा उठली तेव्हा कंपनीचे मालक म्हणाले, "बाई, बरं नाई का?" ती म्हणाली, "वाचा पुढं." वाचन पुढे गेलं, पण मला चैन पडेना. मी स्वभावाने भोचक आहे. वाचन संपल्यावर तिला चिंचेखाली गाठलं.

तिने लवंग दुसऱ्या गालात सारली. मग म्हणाली, "मधु, एक पात्र हाये असं समज. साठीची बाई. पाळी जाऊन दहा वर्स झाले. अन् आता सात महिन्यापासून तिले पुन्हा अंगावरून जाऊन राह्यलं. लाल. तर ते पात्र काय करन?"

मी दाखले देणारा माणूस. कोणता दाखला कोणत्या दिरंगाईने निघतो, हे मला थोडंफार कळतं. मी म्हणालो, "ते पात्र उद्या सकाळच्या गाडीनं चंद्रपूरला जाईल."

"लेखकानं तसं लिवलं नाई."

"लेखकाला मी पाहून घेतो."

"अन् पात्राच्या लेकीले सांगाचं नाई. ती सावलीले हाये. सांगतलं तर ती रडन, मंग मलेच तिची समजूत काढा लागन."

चंद्रपूरच्या मोठ्या दवाखान्यात आम्ही पोचलो तेव्हा बाकांवर बायकाच बायका. बाईने पिशवीतून वही काढून माझ्या हातात दिली. शेवटच्या पानावर सात-आठ ओळी लिहिलेल्या. डॉक्टरांना काय सांगायचं, ते संवाद. आणि एका ओळीसमोर लाल पेन्सिल: "इथी देवका अडते."

"तू पडद्याच्या मागं उभा राह्य," ती म्हणाली. "मी अडली का दोन शब्द दे. जास्तीचे नाई."

"बाई, तिथं पुरुष माणसानं..."

"पडद्याच्या मागं चालते. बावीस वर्स मी तुह्या मागं बसली, तू एक दिवस माह्या मागं उभा नाई राहू शकत?"

डॉक्टर मॅडम पस्तिशीच्या, कोल्हापूरकडच्या. त्यांनी विचारलं, "काय होतंय, आजी?"

"आजी नाई, बाई म्हना," देवकाबाई म्हणाली, आणि गप्प झाली. पडद्याच्या फटीतून मला तिची पाठ दिसत होती. नवी पांढरी साडी, खांदे ताठ. ज्या बाईने हजारो वाक्यं लोकांच्या तोंडात घातली, तिच्या तोंडून एक निघत नव्हतं. मॅडम थांबल्या. नर्स थांबली.

मी वही वर केली आणि दोन शब्द दिले.

आता अडचण अशी की मला कुजबुजता येत नाही. माझा आवाज मैदानात, भोंग्याशिवाय, शेवटच्या रांगेपर्यंत जातो. त्यावरच माझं पोट आहे. मी माझ्या परीने अगदी हळू म्हणालो, "अंगावरून जाते!" आणि तो खलनायकी घोगरा आवाज पडद्यातून, दारातून, व्हरांड्यातून पार औषधाच्या खिडकीपर्यंत गेला. बाहेरचा गलका एकदम थांबला. कुणाच्या तरी हातातून स्टीलचा डबा पडला.

मॅडमनी पडद्याकडे पाहिलं. "कोण आहे तिथे?"

"माहा प्रॉम्प्टर हाये," देवकाबाई म्हणाली. "कच्चा हाये." आणि मग तिचा बांध फुटला. कधीपासून, किती, कोणत्या रंगाचं, पोटात कुठे दुखतं, सगळं तिने सांगितलं. मला एकही शब्द द्यावा लागला नाही.

आम्ही बाहेर आलो तेव्हा बाकावरच्या सगळ्या बायका माझ्याकडे पाहत होत्या. मी भिंतीवरचा तक्ता वाचू लागलो. एक बाई उठली, देवकाबाईचा हात धरला आणि तोंडाला पदर लावून म्हणाली, "बाई, मले बी तसंच होऊन राह्यलं. तुमी आत काय म्हनल्या ते मले बी सांगा ना." तिच्यामागे दुसरी उठली. देवकाबाई बाकावर टेकली, दोघींना जवळ ओढलं आणि तिथल्या तिथे तालीम सुरू केली.

"आधी दम घे, मंग बोल. खाली नको पाहू, मॅडमकडं पाय. म्हन, अंगावरून जाते. म्हन ना वं, लाजते काऊन? हा मानूस एवढ्या मोठ्यानं बोलला, काही आभाळ पडलं का?"

तपासण्या झाल्या. गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचा कर्करोग निघाला. पसरलेला नव्हता. मग लेकीला सांगावंच लागलं. ती रडली, बाईने तिची समजूत काढली, सगळं ठरल्याप्रमाणे. ऑगस्टमध्ये ऑपरेशन झालं, गर्भाशय काढलं. बाई चार दिवसांत उठून बसली आणि शेजारच्या खाटेवरचीला म्हणाली, "रिकामी खोली होती, भाडेकरू चुकीचा आला."

खरा पेच पुढे होता. रिपोर्ट आल्यावर मॅडमनी सांगितलं की शेक द्यावे लागतील. आमच्याकडे रेडिएशनला सगळे शेकच म्हणतात. सोमवार ते शुक्रवार रोज एक, असे पंचवीस. पाच आठवडे.

देवकाबाईने बोटांवर हिशेब केला आणि पदर खोचला. "मंग राहू द्या."

मॅडमना वाटलं ती घाबरली. मला ठाऊक होतं, ती कॅलेंडर पाहते आहे. पाच आठवडे म्हणजे भाऊबीज उलटून जाणार. वडशाचा पहिला प्रयोग तिच्याशिवाय होणार. आणि मालकांनी नागपूरहून कानात घालायची यंत्रं मागवायचं बोलून दाखवलं होतं, एक माणूस आत बसून सगळ्यांच्या कानात वाचणार. पहिल्या प्रयोगाला बाई स्टुलावर नसली, तर ते स्टूल गोदामात जाणार होतं. हे तिला कळत होतं, मला कळत होतं, आणि मॅडमना कळायचं कारण नव्हतं. म्हणून मी सांगितलं. मी भोचक आहे, हे वर आलंच आहे.

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी रिपोर्ट पुन्हा वाचला, आत जाऊन मोठ्या डॉक्टरांशी बोलून आल्या. मग म्हणाल्या, "बाई, आणखी एक पद्धत आहे. एक दिवस सोडून एक, असे पाचच."

"पंचवीसचे पाच?" बाईचा चेहरा संशयाने भरला. "आमी बी पाच अंकाचं नाटक तीन अंकाचं करतो. तवा काहीतरी कापा लागते. एका वर्सी नायकाची बहीनच कापली. मंग शेवटच्या अंकात तो राखी कोनाकडून बांधून घेईन? तसाच हात पुढं करून उभा. तुमी काय कापलं ते आधी सांगा."

"बहीण नाही कापली," मॅडम म्हणाल्या. "एकेक प्रवेश मोठा केला. रोजच्या शेकात मात्रा थोडी-थोडी असते, म्हणून दिवस जास्त लागतात. यात एका वेळी जास्त, म्हणून दिवस कमी. मशीन नेम बारीक धरतं, म्हणून हे करता येतं."

"मंग सगळ्यायलेच पाच काऊन नाई देत?"

"कारण प्रत्येकीचा आजार वेगळा. तुमचा रिपोर्ट यात बसतो, म्हणून सांगतेय. आणि एक गोष्ट लपवणार नाही. पंचवीसचा अनुभव जुना आहे, खूप वर्षांचा. पाचची पद्धत नवी. आतापर्यंत जे दिसलंय ते चांगलं आहे, पण खूप वर्षांनी काय होतं, ते अजून पाहायचं आहे. पोटाचा, लघवीचा त्रास होऊ शकतो. तपासणीला मात्र बोलावीन तेव्हा यायचं. घाई नाही, उद्या सांगा."

ती दुपारभर दवाखान्याच्या पायरीवर बसली. लेक म्हणत होती, जुनंच घे आई, पाच आठवडे मी सोबत राहते. बाई ऐकत होती. संध्याकाळी ती उठली.

"मी मले ओळखते," ती लेकीला म्हणाली. "पंचवीस घेतले असते तर दहाव्याले पळाली असती. वडशाची गाडी दिसली असती अन् बसली असती. अर्ध्यात सोडलेलं नाटक सगळ्यात वाईट. पाच घेते. पन पाचही पुरे करीन."

ही तिची निवड होती. मी तिथे फक्त उभा होतो, हे नमूद करतो.

या शेकाची एक अट असते. आतडं रिकामं हवं आणि लघवीची पिशवी पाण्याने भरलेली हवी. भरलेली असली की आतलं सगळं रोजच्या जागी राहतं आणि नेम चुकत नाही. म्हणून पाणी प्यायचं, अर्धा-पाऊण तास बसायचं, आणि धरून ठेवायचं. इथे भल्याभल्या बायका हरायच्या. नंबर यायच्या आधीच उठायच्या, पुन्हा पाणी, पुन्हा बसणं. देवकाबाईला हे सांगितलं तेव्हा ती नर्सकडे बघून इतकी गोड हसली, की नर्सला वाटलं तिला समजलंच नाही. बावीस हिवाळ्यांची तालीम झालेली बाई! पहिल्याच दिवशी पिशवी अशी भरली, की मशीनवरचे गजाननभाऊ म्हणाले, "अशी तर पुस्तकातच असते."

गजाननभाऊंशीही तिचं जमलं. जाड भिंतीपलीकडून ते माईकवर सूचना द्यायचे. पहिल्या दिवशी आवाज आला, "बाई, हलू नका." बाई हलली नाही, पण बोलली, "नाकातून बोलून राह्यले भाऊ तुमी. आधी दम घ्या, मंग बोला." पाचव्या शेकापर्यंत गजाननभाऊ असे बोलू लागले होते की बाहेरच्या बायका म्हणायच्या, आत नाटक लागलं वाटते.

त्या बाकावर एटापल्लीकडची मैनी भेटली. चाळिशीची, गोंडी बोलणारी, आपली मराठी मोजून वापरणारी. तिचा आजार वेगळा, तिच्या वाट्याला पंचवीसच. दोनदा तिला मशीनच्या टेबलावरून परत पाठवलं होतं, पाणी टिकत नाही म्हणून. आता ती जवळच्या खोलीवरचं सामान बांधून गावी निघायच्या बेतात होती.

"जोहार," देवकाबाई तिच्या शेजारी टेकत म्हणाली. "कुठी चालली?"

"घरी. माह्यानं होत नाई."

"बस. एक गोष्ट आयक. आयकून झाली का जाय."

आणि तिने आमच्या नव्या नाटकाचा पहिला अंक सांगायला सुरुवात केली. वैनगंगेकाठचं गाव, भावाने घराबाहेर काढलेली बहीण, तिच्या जमिनीवर डोळा ठेवणारा सावकार (म्हणजे मी), आणि पूर आलेली नदी. बरोबर पाऊण तास. सावकार झोपडीला काडी लावणार, एवढ्यात तिने वही मिटली. "जा आता. तुहा नंबर आला. बाकीचं उद्या."

मैनी गेली ती थेट टेबलावर. पाणी टिकलं होतं. तिला उठायचं सुचलंच नव्हतं.

मधल्या, शेक नसलेल्या दिवशीही बाई तिथे जाऊन बसायची. बाकावर आता आठ-दहा जणी असत. नर्सने नाव पुकारलं की एखादी म्हणायची, "थांबा ना मॅडम, सावकार येऊन राह्यला." आणि दुपारी तीनला आमची वडशाची तालीम; त्या वर्षी मालकांनी तालमी वाढवल्या होत्या. ती फोनवर व्हायची. फोनचा आवाज हॉलमध्ये पुरेना, म्हणून मी तो पितळेच्या लोट्यात उभा ठेवला. लोटा रंगमंचाच्या मधोमध. नायक अडला की लोट्यातून घुमणारे दोन शब्द यायचे. एकदा नायकाने तिसरा मागितला तर लोट्यातून लवंग फुटल्याचा आवाज आला. मालक सगळं पाहत होते. यंत्रांचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

पाचवा शेक झाला. बाईने गजाननभाऊंना, नर्सला, मॅडमना लवंगा वाटल्या. तिला थकवा होता, पोट थोडं बिघडलेलं होतं, पण चेहरा तालीम संपवून निघालेल्या माणसाचा. फक्त मैनी पिशवीचा पट्टा धरून उभी.

"तू गेली का मी कशी करू?" ती म्हणाली. "माहे अजून पंधरा राह्यले."

"लोटा हाये ना," बाई म्हणाली.

त्या दिवसापासून रोज अकरा वाजता वडशाच्या हॉलमध्ये काम थांबायचं. देवकाबाई लोट्यासमोर बसायची आणि मैनीच्या फोनवरून चंद्रपूरच्या बाकाला गोष्ट सांगायची, संपली की पुन्हा पहिल्यापासून. आमचा नायक, त्याची बस आता चुकायची बंद झाली होती, खाली बसून ऐकायचा. म्हणाला, "एवढं चांगलं नाटक हाये, हे मले माहीतच नव्हतं."

मैनीचा पंचविसावा शेक आणि आमचा पहिला प्रयोग एकाच दिवशी आले. सकाळी मैदानात मंडप उभा राहत होता. बाई पाट मांडून लोट्यासमोर बसली. शेवटचा प्रवेश. नायिका पुराच्या काठावर येते, मागे सावकार, पुढे पाणी, आणि ती नावाड्याला म्हणते...

बाई थांबली. खांब ठोकणारे थांबले. देवकाबाई अडली होती. मी वही घ्यायला हात पुढे केला तर तिने माझ्या मनगटावर चापट मारली.

लोट्यात खरखर झाली. मग मैनीचा आवाज आला, थोडा घाबरलेला, पण मोठा.

"नाव सोड!"

"हाव," बाई म्हणाली. "नाव सोड, भाऊ, मले पल्याड जाचं हाये." लोट्यातून आठ-दहा जणींचा एकदम आवाज आला, आणि त्यांच्यावरून गजाननभाऊंचा, अगदी छातीतून: "मैनीबाई! या!"

नंतर मी वही पाहिली. त्या ओळीसमोर लाल पेन्सिल होती: "इथी मैनी बोलन."

हल्ली बाई जास्त करून सावलीला लेकीकडे असते. बोलावतात तेव्हा तपासणीला चंद्रपूरला जाते, आतापर्यंत सगळं ठीक आहे, आणि तपासणी अर्ध्या तासाची असली तरी बाकावरून उठायला तिला संध्याकाळ होते. मोठी नाटकं तेवढी ती अजूनही करते. पण तिचं नाव काढलं की मला त्या पहिल्या प्रयोगाची पहाटच दिसते.

माझा मार खाऊन झाला होता. धोतर झटकत मी विंगेत आलो. शेवटचा प्रवेश सुरू झालेला. आणि देवकाबाई स्टुलावरून उठली. वही माझ्या हातात दिली.

"मले जाचं हाये," ती म्हणाली. "मॅडमनं सांगतलं होतं, काही दिवस असं होईन. आता धरवत नाई. हळू बोल."

बावीस हिवाळ्यांत पहिल्यांदा ते स्टूल प्रयोगात रिकामं झालं. मी त्यावर बसलो. मी हळूच बोललो, पण पहिल्या शब्दालाच पुढच्या चार रांगा हसल्या. तेवढ्यात माझी दोन पानं एकदम उलटली. नायिका पुराच्या काठावर उभी, नावाडी वल्हं धरून उभा, आणि मी पानं शोधतोय. मी मान वर केली. धानाच्या कापलेल्या बांधीकडून, धुक्यातून, बाई सावकाश येत होती. मला वाटलं विंगेत येईल. ती आली नाही. मंडपाच्या कडेला थांबली, रंगमंचाकडे पाहिलं, आणि ताडपत्रीवर बसलेल्या बायकांमध्ये जागा करून बसली. समोरून तिने नाटक कधी पाहिलंच नव्हतं. बसली, गालात लवंग सारली, आणि तिचे ओठ हलू लागले.

मी तिच्याकडे पाहिलं. नायिकेने माझ्याकडे पाहिलं. सगळे वाट पाहत होते.

"नाव सोड!" तिसऱ्या रांगेतून आवाज आला.

नायिकेने वाक्य उचललं, नाव सुटली, टाळ्या पडल्या. तेव्हा बाईच्या शेजारी बसलेली एक म्हातारी तिच्याकडे वळली आणि चिडून म्हणाली, "गप राह्य ना वं बाई! नाटक पाहू दे!"

देवकाबाईने पदर तोंडावर घेतला. तिचे खांदे हसून हलत होते. आणि मग, नाटक संपेपर्यंत, ती गप्प बसून पाहत राहिली.